स्वस्त बेलोज आणि जुन्या लेन्स वापरून मॅक्रो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेलोज आणि जुनी लेन्स घेऊन मॅक्रोला, म्हणजे लहान वस्तूंचे जवळून मोठे फोटो काढायला, बसलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम साध्याकडून अवघडाकडे आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, त्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बेलोज म्हणजे नेमकं काय? त्यात काच नसते, मग फोटो मोठा कसा येतो?

लोहाराच्या भात्यासारखी घड्यांची एक काळी नळी. पुढच्या चौकटीवर लेन्स बसते, मागच्या चौकटीवर कॅमेरा, आणि दोन्ही चौकटी दातेरी पट्टीवर मागेपुढे सरकतात. एवढंच. लेन्स सेन्सरपासून जितकी दूर नेऊ तितकं जवळचं फोकस होतं आणि वस्तू सेन्सरवर तितकी मोठी उमटते.

हिशोब सोपा आहे: वाढवलेलं अंतर भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर मिमीत लिहिलेला आकडा). ५० मिमी लेन्स तिच्या अनंत-फोकसच्या (दूरचं स्वच्छ दिसतं त्या) जागेपासून आणखी ५० मिमी पुढे नेली की १:१, म्हणजे १ पट: वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाची उमटते. १५० मिमी नेली की ३ पट. २८ मिमीची लेन्स त्याच १५० मिमीवर ५ पटीच्या थोडी वर जाते. वाढवलेल्या अंतरात ॲडॉप्टरची (दोन वेगळी मापं जोडणाऱ्या रिंगची) जाडीही धरायची, ती बरेचजण विसरतात. हे गणित सुलट्या लावलेल्या लेन्सचं आहे. उलट्या लेन्सला ते जसंच्या तसं लागू होत नाही, तिथे प्रश्न १२ प्रमाणे मोजून घ्यावं.

२. एक्स्टेन्शन ट्यूब (काच नसलेल्या, ठराविक लांबीच्या घट्ट नळ्या) स्वस्तही आहेत आणि मजबूतही. मग बेलोज कशाला?

१ पटीपर्यंतच काम असेल तर बेलोज घेऊच नका. ट्यूब हलत नाहीत, हातात धरून वापरता येतात, धूळ कमी खातात. बेलोजची खरी गरज दीड-दोन पटीच्या पुढे पडते. तिथे ट्यूबचा मनोरा करावा लागतो आणि मोठेपणा थोडा बदलायचा तरी सगळं खोलून परत जोडावं लागतं. बेलोजवर तेच काम एका चाकाने होतं. शिवाय सूक्ष्म फोकससाठी मागची चौकट सरकवण्याची जी सोय आहे (प्रश्न १३), ती ट्यूबमध्ये नाही.

३. बिननावाचा नवा बेलोज घ्यावा की जुना नामांकित?

नव्या स्वस्त बेलोजमध्ये एकच पट्टी, दोन चौकटी आणि साधारण ४० ते १५० मिमीची ताण असते. कॅमेरा आणि लेन्स यांच्यात विजेचा संपर्क नसतो, ॲपर्चरची (पात्यांनी लहानमोठं होणाऱ्या, उजेड सोडणाऱ्या भोकाची) यांत्रिक जोडणीही नसते. चौकटी थोड्या खुळखुळतात. पण कापड नवं असतं आणि माउंट (लेन्स जिथे अडकते ते कडं) तुमच्या कॅमेऱ्याचंच मिळतं.

जुन्या चांगल्या बेलोजची घडण वेगळ्याच दर्जाची असते. निकॉन पीबी-४ मध्ये तर पुढची चौकट आडवी सरकते आणि तिरपीही होते. मात्र जुन्या बेलोजच्या घड्यांच्या कोपऱ्यांना टाचणीएवढी भोकं पडलेली असण्याची शक्यता मोठी, आणि आजचा डिजिटल कॅमेरा त्यावर थेट बसेलच असं नाही (प्रश्न ११). भोकं बुजवता येतात, खुळखुळणारी चौकट घट्ट करणं कठीण. त्यामुळे दोन्ही हाताशी असतील तर आमचं मत जुन्याला.

४. बेलोज हातात आला की आधी काय तपासायचं?

उजेडाची गळती. अंधाऱ्या खोलीत बेलोज पूर्ण ताणा, एक तोंड टोपणाने बंद करा, दुसऱ्यातून छोटी टॉर्च आत सोडून भोवती हात घट्ट धरा. आता बाहेरून प्रत्येक घडीचा कोपरा पाहा. चांदणीसारखा ठिपका चमकला की तिथे भोक. कापड चौकटीला जिथे चिकटवलेलं असतं ती कडही पाहा; नव्या बेलोजमध्ये गळती तिथेच जास्त सापडते. बारीक भोकावर आतून काळ्या रबरी द्रावाचा पातळ थर पुरतो. काळी कापडी चिकटपट्टी घडीच्या धारेवर लावू नका. बेलोज मिटला की ती जाड होते आणि शेजारची घडी फाडते.

मग चौकटी. पट्टीवर कुलूप-स्क्रू आवळून लेन्सची चौकट बोटांनी डावी-उजवी हलवा. किंचित लवचिकता चालेल, पण आवळल्यावरही ‘टक’ असा आवाज येत असेल तर पट्टी आणि चौकट यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून फट भरावी लागेल. शेवटी माउंट. त्याचे स्क्रू बरेचदा ढिले येतात. ते आधी आवळा, नाहीतर लेन्स फिरवताना माउंटच फिरतं.

५. कोणती जुनी लेन्स घेऊ? एफ/१.४ ची चांगली की एफ/२.८ ची?

मोठ्या ॲपर्चरचा (एफचा आकडा लहान, भोक मोठं) इथे काहीच फायदा नाही. मॅक्रोत ती पूर्ण उघडून वापरली जात नाही, आणि एफ/१.४ च्या लेन्स जवळच्या अंतरावर बहुधा जास्त मऊ असतात. साधी, कमी काचांची, सममितीय बांधणीची लेन्स बेलोजवर उजवी ठरते.

पहिली पसंती एनलार्जरच्या लेन्सला, म्हणजे डार्करूममध्ये निगेटिव्हवरून छायाचित्र मोठं करायला वापरत त्या. एल-निक्कोर ५० मिमी एफ/२.८, श्नायडरची कॉम्पोनॉन-एस, रोडेनस्टॉकची रोडागॉन ही ओळखीची नावं. त्या मुळातच जवळच्या सपाट पृष्ठभागासाठी घडवलेल्या असतात, त्यामुळे कडेपर्यंत रेषा सरळ आणि स्वच्छ राहते. त्यांना फोकसचं कडं नसतं, पण बेलोजवर ते लागतच नाही.

दुसरी पसंती एम४२ (४२ मिमी व्यासाच्या) आट्यांच्या ५० ते ५८ मिमी लेन्सना. हेलिओस ४४-२ चं ॲपर्चर प्रीसेट आहे, म्हणजे कडं फिरवलं की पाती तिथेच थांबतात. बेलोजला हेच हवं असतं. तीन ते पाच पटींसाठी २८ किंवा ३५ मिमीची जुनी लेन्स उलटी लावावी (प्रश्न ७).

झूम लेन्स टाळा. थोरियमयुक्त काचेच्या काही जुन्या लेन्स, उदाहरणार्थ सुपर-ताकुमार ५० मिमी एफ/१.४ ची नंतरची आवृत्ती, वयाने पिवळट होतात. तो पिवळेपणा व्हाइट बॅलन्सने निघून जातो, त्यापायी लेन्स टाकून देऊ नका.

६. लेन्समध्ये बुरशी किंवा ओरखडे आहेत. चालेल का?

टॉर्च एका बाजूने तिरपी मारून दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, दुधाळ पडदा म्हणजे धुकं, आणि कडेला इंद्रधनुषी चंद्रकोर म्हणजे दोन काचांमधला चिकट थर सुटलेला. समोरचा एखादा ओरखडा फोटोत दिसत नाही. धुकं मात्र टाळाच. ते सगळा कॉन्ट्रास्ट खातं, आणि मॅक्रोत कॉन्ट्रास्ट आधीच कमी पडतो.

सेन्सरच्या बाजूच्या काचेवरचा डाग जास्त नडतो. लेन्स उलटी लावली की ती बाजू म्हणजे लेन्सची मूळची पुढची काच, हे निवडताना ध्यानात ठेवा. पात्यांना तेल लागलेलं असेल तर प्रीसेट किंवा हाताने फिरणाऱ्या ॲपर्चरला त्याचा त्रास नाही.

७. लेन्स उलटी लावायची की सुलटी? दोन्ही सल्ले ऐकलेत.

दोन्ही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या पटींसाठी. साधी लेन्स अशी बनवलेली असते की तिच्या पुढे मोठं आणि दूरचं दृश्य, मागे लहान आणि जवळची प्रतिमा. १ पटीच्या वर हा हिशोब उलटतो: वस्तू लहान आणि जवळ, प्रतिमा मोठी आणि दूर. मग लेन्सही उलटीच हवी, म्हणजे तिची मागची काच वस्तूकडे. १ पटीच्या खाली सुलटी. नेमक्या १ पटीला सममितीय लेन्स कशीही लावा, फरक दिसणार नाही.

एनलार्जर लेन्सला हाच नियम. डार्करूममध्ये तिची आट्यांची बाजू लहान निगेटिव्हकडे असते. तेव्हा दोन-तीन पटींवर आट्यांची बाजू किड्याकडे आणि नावाची बाजू कॅमेऱ्याकडे.

वाइड लेन्स उलटी लावण्याचं आणखी एक कारण आहे. एसएलआरची (आरशाच्या कॅमेऱ्याची) २८ मिमी लेन्स सुलटी लावून ५ पटीला नेली तर वस्तू जवळपास काचेला टेकते, उजेड आत शिरायला जागाच उरत नाही. तीच उलटी लावली की वस्तू माउंटपासून साधारण माउंटच्या फ्लँज अंतराइतकी (कॅमेऱ्यात माउंटपासून सेन्सरपर्यंत असतं तेवढी) दूर राहते, वर फोकल लेंग्थ भागिले पट एवढं अंतर मिळतं. निकॉन एफ माउंटचं फ्लँज अंतर ४६.५ मिमी, अधिक २८ भागिले ५, म्हणजे जवळजवळ ५२ मिमी. मागून बाहेर आलेली काच आणि खटके वजा केले तरी फ्लॅशचा उजेड आत जायला पुरेशी जागा.

उलटी लावायला फिल्टरच्या आट्यांवर बसणारी रिव्हर्स रिंग लागते. ४९, ५२ आणि ५५ मिमी ही नेहमीची मापं, बाकीच्यांना एका मापावरून दुसऱ्यावर नेणारी स्टेप रिंग. लेन्सचं सगळं वजन आता फिल्टरच्या बारीक आट्यांवर असतं. जड लेन्स लटकवू नका आणि रिंग जीव खाऊन आवळू नका.

८. एनलार्जर लेन्स बेलोजवर बसवायला कोणते ॲडॉप्टर लागतात?

बहुतेक ५० मिमी एनलार्जर लेन्सना ३९ मिमीचे आटे असतात, इंचाला २६ या पेचाचे, म्हणजे लायकाचे जुने आटे. एम३९ ते एम४२ ही पातळ रिंग, आणि बेलोजचं पुढचं माउंट एम४२ नसेल तर एम४२ ते त्या माउंटचा ॲडॉप्टर. काही एम३९ रिंग १ मिमी पेचाच्या असतात. त्या दोन-तीन फेरे बसतात आणि मग अडतात. तिथेच थांबा. अंतर कमीजास्त झाल्याने बेलोजवर काही बिघडत नाही, पण ॲल्युमिनियमचे आटे एकदा खाल्ले गेले की लेन्स गेली.

उलटी लावायची तर पुढच्या फिल्टर आट्यांचं माप पाहा. नव्या एल-निक्कोर ५० एफ/२.८ ला ते ४०.५ मिमी आहे, जुन्या आवृत्तीला ३४.५. दिसायला त्या सारख्या वाटतात, म्हणून रिंग मागवण्याआधी कॅलिपरने मोजा.

फार लोकांना न सुचणारी एक गोष्ट. काही एनलार्जर लेन्समध्ये अंधारात ॲपर्चरचा आकडा उजळावा म्हणून माउंटच्या बाजूने पारदर्शक खिडकी असते. डार्करूममध्ये ती सोय होती, कॅमेऱ्यावर तिच्यातून बाहेरचा उजेड थेट आत उतरतो आणि सगळे फोटो फिके येतात. त्या खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा.

९. बेलोज लावला की कॅमेरा “लेन्स नाही” म्हणतो आणि शटरच पडत नाही.

मेनूमध्ये ‘लेन्सशिवाय शटर’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करा आणि मोड एम (सगळं हाताने ठरवण्याचा) वर ठेवा. निकॉनच्या सुरुवातीच्या दर्जाच्या डीएसएलआरमध्ये अशी लेन्स लावल्यावर फक्त एम मोड चालतो आणि उजेड मोजणारं मीटरही बंद पडतं. काळजीचं कारण नाही: एक फोटो काढा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहा, शटर वेग किंवा फ्लॅशची ताकद बदला. दोन-तीन फोटोंत जुळतं.

१०. ॲपर्चरचं कडं फिरवतो, पण पाती हलतच नाहीत. लेन्स खराब आहे का?

बहुधा नाही. प्रत्येक माउंटची खोड वेगळी.

एम४२ च्या ऑटो लेन्समध्ये मागे एक पिन असते. ती आत दाबली गेली तरच पाती मिटतात. बेलोजमध्ये ती दाबायला कोणी नसतं, म्हणून लेन्स कायम उघडी. लेन्सवर ए/एम खटका असेल तर तो एम वर करा. नसेल तर आतून कड असलेला एम४२ ॲडॉप्टर घ्या, ती कड पिन दाबून धरते. लेन्स उलटी असेल तर तोच ॲडॉप्टर तिच्या मागे, म्हणजे आता वस्तूच्या बाजूला, फिरवून बसवा. पिनही दबते आणि उघड्या काचेला छोटं हूडही मिळतं.

निकॉनच्या ॲपर्चरचं कडं असलेल्या लेन्सचं उलट आहे. कॅमेऱ्यापासून सुटल्या की त्या लावलेल्या आकड्यावर आपोआप मिटतात. म्हणजे काम झालं, फक्त फोकस करताना कडं उघडा आणि मग परत मिटा. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सना कडंच नाही, त्या सर्वांत लहान ॲपर्चरवर जाऊन बसतात आणि मागचा खटका काहीतरी अडकवून धरावा लागतो.

कॅनन ईएफ लेन्सचं ॲपर्चर विजेवर चालतं. कॅमेऱ्यावर हवा तो आकडा लावून डेप्थ-प्रीव्ह्यूचं (फोटोआधी पाती मिटवून दाखवणारं) बटण दाबून धरायचं आणि तसंच दाबून ठेवून लेन्स काढायची. पाती तिथेच राहतात. चालतं, पण आकडा बदलायचा तर दर वेळी लेन्स परत कॅमेऱ्यावर. एका दिवसात कंटाळा येतो. कडं असलेली जुनी लेन्स त्यापेक्षा बरी.

११. बेलोजची मागची चौकट कॅमेऱ्याच्या ग्रिपला किंवा फ्लॅशच्या उंचवट्याला अडते.

हे जुन्या बेलोजचं नेहमीचं दुखणं. ते बारीक अंगाच्या फिल्म कॅमेऱ्यांसाठी बनले होते. कॅमेरा आणि बेलोज यांच्यामध्ये १२ ते २० मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब घाला. किमान पट थोडी वाढते, बाकी काही बिघडत नाही. मागची चौकट कॅमेरा आडवा-उभा फिरवू देत असेल तर आधी मोकळ्या दिशेने चढवून मग फिरवणं हाही मार्ग. चढवताना बळ लावू नका, माउंटचं कुलूप वाकतं.

१२. मी आत्ता नेमका किती पटीवर आहे हे कसं कळणार?

पट्टीवर छापलेले आकडे विसरा. मिलिमीटरची पट्टी समोर ठेवून तिच्यावर फोकस करा आणि फोटोच्या रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोजा. सेन्सरची रुंदी भागिले ती संख्या म्हणजे तुमची पट. फुल-फ्रेमची रुंदी ३६ मिमी, एपीएस-सीची साधारण २३.५ (कॅननमध्ये २२.३), मायक्रो फोर-थर्ड्सची १७.३. फुल-फ्रेमवर १२ मिमी दिसत असेल तर ३ पट. बेलोजच्या पट्टीवर नेहमीच्या दोन-तीन जागांना पेनाने खूण करून ठेवली की दर वेळी मोजावं लागत नाही.

१३. फोकसच सापडत नाही. चाक फिरवलं की वस्तू येते आणि निघून जाते.

कारण चाक चुकीचं आहे. १ पटीच्या वर पुढची चौकट हलवली की लेन्स-वस्तू अंतर आणि पट दोन्ही एकदम बदलतात, आणि फोकस हातातून निसटतं. पट आधी ठरवा, चौकटी आवळा, आणि मग अख्खा बेलोज कॅमेऱ्यासकट पुढेमागे करा. त्यासाठी खाली स्क्रूवर चालणारी वेगळी फोकसिंग रेल लागते. तिच्याशिवाय ३ पटीला बसू नका.

शेवटचं बारीक जुळवणं मात्र मागच्या चौकटीने करता येतं. लेन्स जागेवर राहते, फक्त कॅमेरा मागे सरकतो, आणि त्याचा परिणाम वस्तूच्या बाजूला पटीच्या वर्गाने कमी होतो. ३ पटीला कॅमेरा ०.९ मिमी सरकवला की फोकसचं प्रतल वस्तूवर जेमतेम ०.१ मिमी सरकतं. दातेरी चाकाची ढिलाईसुद्धा इथे माफ होते.

वस्तू मुळात सापडतच नसेल तर बेलोज मिटून कमी पटीला शोधा, मधोमध आणा, मग ताणा.

१४. कोणता एफ-नंबर ठेवू? एफ/१६ ला तर सगळंच मऊ येतंय.

लेन्सवर लिहिलेला आकडा अनंत-फोकसचा. लेन्स पुढे गेली की खरा आकडा वाढतो: लिहिलेला आकडा गुणिले (पट अधिक १). ३ पटीला एफ/१६ म्हणजे प्रत्यक्षात एफ/६४. एवढ्या बारीक भोकातून डिफ्रॅक्शन, म्हणजे उजेडाचं पसरणं, सगळे बारकावे पुसून टाकतं.

| पट | उजेड किती स्टॉप कमी (१ स्टॉप = निम्मा) | एफ/४ चा खरा आकडा | एफ/५.६ चा खरा आकडा |
|---|---|---|---|
| १ | २ | ८ | ११ |
| २ | ३.२ | १२ | १७ |
| ३ | ४ | १६ | २२ |
| ४ | ४.६ | २० | २८ |
| ५ | ५.२ | २४ | ३४ |

खरा आकडा १६ ते २२ च्या आसपास ठेवा. १ पटीला एफ/८, ३ पटीला एफ/४ ते ५.६, ५ पटीला एफ/४. स्वच्छ फोकसची खोली कमी पडली तर ॲपर्चर मिटू नका, स्टॅकिंग करा, म्हणजे फोकस थोडं थोडं सरकवून काढलेले फोटो एकत्र जोडा (प्रश्न १८). उलट्या वाइड लेन्सला हे सूत्र ढोबळ ठरतं. तिथे एफ/४, ५.६ आणि ८ चे तीन फोटो काढून सर्वांत स्वच्छ तो निवडावा.

१५. ट्रायपॉड आहे, टायमर आहे, तरी फोटो हललेलाच येतो.

३ पटीला हालचालही ३ पट मोठी दिसते, आणि स्वस्त बेलोज म्हणजे टोकाला कॅमेरा लटकवलेली काठी. लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून टेबलावर एक टिचकी मारा आणि चित्र शांत व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. टायमर त्याहून जास्त हवा. २ सेकंद बहुधा पुरत नाहीत, १० लावा.

मग डोलणं कमी करा. कॅमेऱ्याच्या पोटाखाली वाळूची पिशवी किंवा लाकडी ठोकळा द्या, म्हणजे तो हवेत राहणार नाही. ट्रायपॉडऐवजी कॅमेरा आणि वस्तू दोन्ही एकाच जाड फळीवर बसवा; जमीन हलली तरी दोघं बरोबर हलतात. आरशाचा कॅमेरा असेल तर मिरर लॉक (आरसा आधीच वर उचलून ठेवणं), शक्य तिथे इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा न हलवता सुरुवात). सेन्सरमधलं स्टॅबिलायझेशन बंद. पंखाही बंद.

आणि हे सगळं करूनही जमलं नाही तर फ्लॅश, तो पुढच्या प्रश्नात.

१६. फ्लॅश लावू की एलईडी?

हलण्याचा त्रास असेल तर फ्लॅश. खोलीतला उजेड इतका कमी करा की फ्लॅशशिवाय फोटो काळा येईल. मग शटर कितीही वेळ उघडं असलं तरी फोटो फ्लॅशच्या चमकेपुरताच घडतो. १/१६ किंवा त्याखालच्या ताकदीवर बहुतेक हॉट-शू (कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणाऱ्या) फ्लॅशची चमक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. प्रश्न १४ च्या तक्त्यातली उजेडाची घट फ्लॅश वस्तूच्या चार बोटांवर आणून भरून काढा.

उजेड मऊ केल्याशिवाय चालत नाही. किड्याची पाठ किंवा धातू हा छोटा आरसाच असतो, त्यात फ्लॅशचा चौकोन जसाच्या तसा दिसतो. ट्रेसिंग पेपरची नळी करून ती वस्तूभोवती उभी करा आणि बाहेरून दोन्ही बाजूंनी फ्लॅश मारा. कागद वस्तूच्या जितका जवळ तितका उजेड मऊ.

एलईडी फोकस करायला उत्तम. फोटो त्यावरच काढायचा असेल आणि इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर आडवे पट्टे येऊ शकतात. यांत्रिक शटर किंवा लांब वेळ वापरा.

जुना फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर चढवण्याआधी त्याच्या संपर्कबिंदूंवरचा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. काही जुन्या फ्लॅशवर तो २०० व्होल्टच्या वर असतो आणि आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट जाळू शकतो.

१७. फोटोच्या मधोमध फिकट गोल डाग येतो, कडा मात्र ठीक.

आतली चमक. लेन्स सेन्सरपेक्षा मोठं वर्तुळ उजळते, उरलेला उजेड बेलोजच्या भिंतींवर आणि ॲडॉप्टरच्या आतल्या चकचकीत आट्यांवर आपटून परत सेन्सरवर येतो. कॅमेरा काढून मागच्या तोंडातून लेन्सकडे पाहा, समोर दिवा लावून. लेन्सच्या भोकाशिवाय जे जे चमकताना दिसेल ते गुन्हेगार. बहुतेक वेळा ते एखाद्या पातळ रिंगचं आतलं कडं निघतं.

तिथे मखमली पोताचा काळा चिकट कागद लावा, तो मॅट काळ्या रंगापेक्षा जास्त उजेड गिळतो. मागच्या चौकटीत सेन्सरपेक्षा थोड्या मोठ्या आयताचं भोक असलेलं काळं कार्ड बसवलं तर आणखी फरक पडतो. एनलार्जर लेन्स असेल तर आधी प्रश्न ८ मधली खिडकी पाहा.

१८. स्टॅकिंगला किती फोटो लागतात आणि पाऊल केवढं?

३ पट, एफ/५.६, एपीएस-सी सेन्सर: स्वच्छ दिसणारी खोली सुमारे ०.१ मिमी. फोटो एकमेकांवर थोडे चढायला हवेत, म्हणून पाऊल ०.०७ च्या पुढे नको. ०.०५ धरलं तर हिशोब सोपा होतो. २ मिमी खोलीच्या वस्तूला ४० फोटो.

रेलचा स्क्रू एका फेऱ्याला १ मिमी सरकत असेल तर त्याच्या मुठीवर २० समान भाग केलेली कागदी चकती चिकटवा. एक भाग म्हणजे ०.०५ मिमी. दर फोटोला एक भाग, आणि कायम एकाच दिशेने. मागे फिरवलं की आट्यांची ढिलाई मध्ये येते आणि दोन-तीन भाग फुकट जातात. सुरुवातही वस्तूच्या थोडं अलीकडून करा. दातेरी चाकाच्या रेलवर एवढी बारीक पावलं हाताने साधत नाहीत.

फोकस, उजेड, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने ठरवून कायम ठेवा. जोडायला हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर ही सॉफ्टवेअर, आणि फुकटात कम्बाइनझेडपी. एका फोटोत जरी वस्तू हलली तरी मिशांच्या जागी दुहेरी रेषा दिसतात. तेवढा फोटो काढून टाकून परत जोडा.

१९. सूक्ष्मदर्शकाची ऑब्जेक्टिव्ह (वस्तूच्या बाजूची लेन्स) बेलोजवर चालते का?

चालते, पण योग्य प्रकारचीच. तिच्यावर ‘१६०’ (सूक्ष्मदर्शकाच्या नळीची लांबी, मिमीत) लिहिलेलं हवं. अनंताचं आडवं आठसारखं चिन्ह असेल तर तिला मध्ये वेगळी ट्यूब लेन्स लागते, नुसता बेलोज पुरत नाही. आटे आरएमएस, २०.३२ मिमी व्यासाचे. आरएमएस ते एम४२ रिंग मिळते. ऑब्जेक्टिव्हच्या खांद्यापासून सेन्सरपर्यंत साधारण १५० मिमी ठेवा. डीएसएलआरमध्ये त्यातले ४४ ते ४६ मिमी कॅमेऱ्याच्या आतच जातात, म्हणून बेलोज आणि रिंगा मिळून १०५ च्या आसपास.

४ पट, ०.१० (न्यूमेरिकल ॲपर्चर, म्हणजे ती किती रुंद कोनातून उजेड घेते) अशी ऑब्जेक्टिव्ह सुरुवातीला ठीक. तिची खोली ०.०५ मिमीच्या आसपास. १० पट, ०.२५ ला खोली ०.०१ मिमीपेक्षाही कमी, आणि वस्तूपर्यंतचं अंतर जेमतेम काही मिलिमीटर. हाताने फिरवायच्या स्वस्त रेलवर तिच्या नादी लागू नका. फुल-फ्रेमवर कोपरे काळे किंवा मऊ येणार, ते कापायचे आहेत हे धरूनच चौकट ठरवा.

२०. बेलोज लावून जिवंत किडे टिपता येतील?

पहाटे, थंडीत, दव पडलेलं असताना किडे गारठून बसलेले असतात तेव्हा, १ ते दीड पटीला, हो. एरवी बेलोज हे टेबलावर बसून करायच्या कामाचं साधन आहे: बिया, स्फटिक, नाणी, घड्याळाचे भाग, मेलेले किडे. रानात ट्यूब न्या.

२१. एपीएस-सी कॅमेऱ्यावर जुन्या स्लाइडची नक्कल करायची आहे, पण पूर्ण स्लाइड चौकटीत मावतच नाही.

३६ मिमीची स्लाइड २३.५ मिमी सेन्सरवर मावायला ०.६५ पट लागते. ५० मिमी लेन्सला त्यासाठी ३३ मिमी वाढ हवी आणि बेलोज मिटूनही ४० च्या खाली येत नाही. म्हणजे चूक तुमची नाही, लेन्स आखूड पडते. ८० मिमीची एनलार्जर लेन्स लावा, तिला ५२ मिमी लागतात. १ पटीच्या खाली असल्यामुळे ती सुलटी. फुल-फ्रेमवर १:१ ला ५० मिमी चालून जाते.

२२. बेलोज लावून दूरचं फोकस का होत नाही?

मिटलेल्या बेलोजची जाडीच आड येते. लेन्स त्या जाडीइतकी कायम पुढे राहते. फोकसिंगची नळी नसलेल्या १०० ते १३५ मिमीच्या लेन्स, म्हणजे बेलोजसाठी बनवलेल्या किंवा एनलार्जरच्या, याला अपवाद. त्यांना सेन्सरपासून एरवीही बरंच अंतर लागतं आणि बेलोज ते पुरवतो. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात फ्लँज अंतर फक्त १६ ते २० मिमी असतं, तिथे ८० मिमीची एनलार्जर लेन्सही अनंतापर्यंत जाऊ शकते.

२३. बेलोज वापरायला लागल्यापासून सेन्सरवर धूळ फार बसते.

बेलोज शेवटी भाताच. ताणला की बाहेरची हवा आत ओढतो आणि धूळ थेट सेन्सरसमोर येते. नवा बेलोज आधी कॅमेऱ्याशिवाय दहा-बारा वेळा ताणून-मिटून आतले कण झटका, मग ब्लोअरने हवा मारा. वापरताना चाक सावकाश फिरवा. ठेवताना दोन्ही तोंडांना टोपणं लावा, आणि बेलोज अर्धवट उघडा ठेवा. पूर्ण मिटून महिनोन्‌महिने ठेवलेल्या बेलोजच्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या वेळी ताणताना तिथेच फाटतात.